चित्रपट घरी आला त्याची गोष्ट



चित्रपटाचा इतिहास लिहिणारे विद्वान सामान्यतः तीन गोष्टींचा इतिहास लिहितात. चित्रपट कोणी काढला, त्यात कामे कोणी केली आणि तो किती आठवडे चालला. चौथी एक गोष्ट या इतिहासातून नेहमी निसटते, आणि ती म्हणजे ज्याने तो पाहिला त्याला काय वाटले. मी चित्रपटांचा अभ्यासक नव्हे, समीक्षक तर नव्हेच. सवड मिळेल तेव्हा, हाती येईल तो चित्रपट, आणि तोही बहुतेक वेळा घरातल्या घरात बसून पाहणारा मी एक प्रेक्षक आहे. माझ्यासारख्यांची संख्या आज फार मोठी आहे. किंबहुना चित्रपटाच्या प्रेक्षकांत बहुमत आता आमचेच आहे. म्हणून आज मी या घरबसल्या प्रेक्षकाचा इतिहास मांडणार आहे. तो कधी जन्माला आला, त्याला मत कसे फुटले आणि त्या मताला काही किंमत आहे की नाही, एवढेच तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

हा विषय बदलापुरात मांडण्यात एक औचित्य आहे. आपल्या गावाच्या नावाविषयी जुनी माणसे सांगतात की, येथे प्रवासी थकलेले घोडे बदलून पुढच्या मजलेला निघत, म्हणून हे बदलापूर. या व्युत्पत्तीला कागदाचा पुरावा मागणाऱ्यांनी तो जरूर मागावा. परंतु एक वाहन सोडून दुसरे घ्यावयाचे, मार्ग मात्र तोच ठेवावयाचा, ही कल्पना चित्रपटाच्या इतिहासाला चपखल लागू पडते. चित्रपटानेही वाटेत घोडे बदलले आहेत. आणि प्रत्येक बदलाबरोबर पाहणारा माणूसही थोडा बदलला आहे.

बाहेर जाण्याचे युग

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. प्रवेशाचा दर एक रुपया होता. त्या काळचा एक रुपया म्हणजे कष्टकऱ्याच्या कित्येक दिवसांच्या पोटाचा प्रश्न. तेव्हा ते पहिले प्रेक्षक कोण असतील, हे सांगावयास नको. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि आपल्या कथा आपल्या माणसांनी पडद्यावर पाहण्याचा काळ सुरू झाला.

आता या घटनेकडे बदलापूरच्या वेशीवरून पाहा. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला होता, म्हणजे चित्रपटाच्या जन्माच्या चाळीस वर्षे आधीच मुंबईची वाट आपल्या गावावरून गेलेली होती. वाट होती, पण वाट असणे आणि जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपट पाहावयाचा म्हणजे गाडीभाडे हवे, तिकिटाचे पैसे हवेत, शेताच्या कामातून मोकळी संध्याकाळ हवी आणि परतीची गाडी चुकली तर रात्र काढावयाला ओळखीचे घर हवे. पुढे कल्याणला व उल्हासनगरला चित्रपटगृहे झाली, तेव्हा अंतर कमी झाले. तरीही चित्रपट ही ‘जाऊन’ पाहावयाची गोष्टच राहिली. जत्रेतला तंबू असो, गणेशोत्सवात दोन बांबूंना बांधलेला कापडी पडदा असो, प्रेक्षकाला घराचा उंबरठा ओलांडावाच लागे.

आणि उंबरठा सर्वांना सारखाच ओलांडता येत नव्हता. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही व अण्णा साळुंके यांना ती भूमिका करावी लागली, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. पडद्यावर येण्यास जी अडचण होती तीच थोड्या सौम्य रूपात पडद्यासमोर बसण्यासही होती, हे मात्र आपण विसरतो. अनेक चित्रपटगृहांतून स्त्रियांची बसण्याची सोय निराळी असे. घरातील कर्त्या पुरुषाने आधी चित्रपट पाहून यावा, तो ‘घरच्यांनी पाहण्याजोगा’ आहे असा निर्वाळा द्यावा, मग बायकामुलांनी जावे, अशी रीत कित्येक घरांतून होती. म्हणजे स्त्रीच्या वाट्याला चित्रपट येई तो दुसऱ्याच्या मताची चाळणी लागूनच. मग तिने स्वतःचे निराळे मत करावे कधी आणि सांगावे कोणाला?

सरकारने एकदा लोकांची मते विचारली होती. १९२७ साली नेमलेल्या व टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या चौकशी समितीने देशभर हिंडून ३५३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकून घेतले. चित्रपटाच्या आरंभकाळाविषयी एवढी मोठी साक्ष दुसरी नाही. परंतु साक्षीदार बहुतेक शिकलेले, पदस्थ किंवा त्या धंद्यात मुरलेले. सामान्य प्रेक्षकाबद्दल त्यांतले बरेच जण बोलले. अडाणी माणसाच्या मनावर अमुक दृश्याचा काय परिणाम होईल, याची चिंता अनेकांनी वाहिली. पण तो अडाणी म्हटला गेलेला माणूस स्वतः काय म्हणतो, हे त्याला विचारण्याचे फारसे कोणाला सुचले नाही.

त्याचे मत नोंदविले गेले ते एकाच वहीत, तिकिटाच्या खिडकीवर. दामले व फत्तेलाल यांनी प्रभात कंपनीसाठी १९३६ साली दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ लोकांनी उचलून धरला. मग १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. क्रम ध्यानात घ्या: आधी लोक, मागाहून परीक्षक. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. हे आकडे बोलके आहेत, पण ते एकच वाक्य बोलतात: ‘लोक आले.’ का आले, काय घेऊन गेले, कोणत्या जागी गलबलले आणि कोणत्या जागी त्यांना जांभई आली, हे आठवड्यांच्या आकड्यांतून कळत नाही. आपल्या चित्रपटेतिहासाची ही मोठी उणीव आहे. दानपेटीतील रकमेवरून भक्तांची संख्या अजमावता येईल. त्यांचे मागणे काय होते ते समजणार नाही.

शेजारच्या घरातला पडदा

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि चित्रपटाने पहिला घोडा बदलला. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट व रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट, असा नेम लवकरच मुंबई व आसपासच्या गावांच्या अंगवळणी पडला.

चित्रपट घरी आला असे आपण म्हणतो. पण आरंभीची कित्येक वर्षे तो आपल्या घरी नव्हे, शेजाऱ्याच्या घरी आला होता. संच महाग, त्याला टपालकचेरीतून परवाना काढावा लागे, छपरावर अँटेना उभारावी लागे. आळीत एखाद्याच घरी तो असे. शनिवारी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. मुले पुढे जमिनीवर, म्हातारी माणसे भिंतीला टेकून, बायका स्वयंपाकघराच्या दाराशी आणि पुरुषमंडळी खिडकीबाहेर उभी, अशी त्या सभागृहाची रचना सांगितली जाते. ही रचना गावोगाव इतकी सारखी होती की, कोणी नेमून दिल्याप्रमाणे वाटावी.

या व्यवस्थेचा मतांवर काय परिणाम झाला ते पाहण्यासारखे आहे. शेजाऱ्याच्या घरी फुकट पाहिलेल्या चित्रपटाला नावे ठेवता येत नाहीत. यजमानांना आवडला तो सर्वांना आवडला, असे निदान त्यांच्या ओसरीवर तरी म्हणावे लागे. खरे मत उमटे ते परतीच्या वाटेवर. दुसरी संधी चित्रपटाच्या मध्येच येणाऱ्या बातम्यांनी दिली. बातम्या लागल्या की पुरुष त्या ऐकत, बायका भाताची पेज पाहण्यास घरी धावत, आणि तेवढ्या अवधीत पूर्वार्धावर दोन घरांच्या मधल्या बोळात न्यायनिवाडा होऊन जाई. चित्रपटगृहातल्या मध्यंतरात माणसे चहा-बटाटेवड्याच्या रांगेत असतात. या मध्यंतरात ती एकमेकांशी बोलत होती. कोणत्याही ग्रंथात नोंद नसलेली अशी ही मराठी चित्रपटसमीक्षेची एक शाखा आहे, आणि तिच्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता.

या काळाने दुसरी एक मोठी गोष्ट केली. चित्रपटगृहात चित्रपट येई आणि जाई. फार तर काही वर्षांनी पुन्हा एखाद्या आठवड्यापुरता येई. दूरचित्रवाणीने प्रभातचे जुने बोलपट अशा माणसांना दाखविले की, जी ते प्रथम झळकले तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आजी, आई आणि नात एका चटईवर बसून १९३७ चा ‘कुंकू’ पाहत आहेत, असे दृश्य त्यापूर्वी घडणे फार कठीण होते. तिघींना तीन निराळ्या गोष्टी दिसल्या असतील. चित्रपट पाहता पाहता घराला आपलाच इतिहास दिसू लागला.

‘कुंकू’बद्दल माझे वैयक्तिक मत येथेच सांगून टाकतो. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा शांतारामांचा चित्रपट. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याच्या घरात राहते, पण त्याला नवरा मानावयाचे नाकारते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहताना जाणवते की, या चित्रपटाचे खरे रणांगण म्हणजे घर आहे. त्यातल्या खोल्या, दारे, आरसा, भिंतीवरचे घड्याळ. चित्रपटगृहात बसून पाहिला तर ते दुसऱ्या कोणाचे तरी घर असते. आपल्या घरात, आपल्याच भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून तो पाहिला की, ‘असे लोक असत’ एवढे म्हणून सुटता येत नाही. खोलीत बसलेली सर्व माणसे एकमेकांची नाती विसरू शकत नाहीत. म्हणून माझे मत असे की, ‘कुंकू’ घरीच पाहावा, आणि एकट्याने पाहू नये.

दूरचित्रवाणी व चित्रपट यांचे आणखी एक नाते सांगण्याजोगे आहे. मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या सांगणारी एक तरुण मुलगी घराघरांत ओळखीची झाली होती. पुढे तीच स्मिता पाटील या नावाने थोर अभिनेत्री म्हणून देशाला माहीत झाली. जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’त तिने घर सोडून कामाला जाणारी स्त्री उभी केली. घरातल्या पडद्यावर जिचा चेहरा प्रथम पाहिला, तिलाच मोठ्या पडद्यावर घराबाहेर पडताना पाहावे, आणि काही वर्षांनी तो चित्रपट पुन्हा घरच्या पडद्यावर यावा! चित्रपटाचे नाव ‘उंबरठा’ असावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

फीत, डबा आणि रात्रभराचे भाडे

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, दूरचित्रवाणीला रंग आला आणि त्याच सुमारास व्हिडिओ यंत्रे देशात मोठ्या संख्येने येऊ लागली. हा दुसरा घोडा. यंत्र विकत घेणे थोड्यांना परवडे. पण ते एका रात्रीपुरते भाड्याने मिळे. चाळीत किंवा आळीत वर्गणी काढावी, यंत्र व चार कॅसेटी आणाव्यात आणि भाडे वसूल करण्यासाठी पहाटेपर्यंत जागावे, असा तो काळ होता. दुसऱ्या चित्रपटाचा शेवट आणि तिसऱ्याचा आरंभ यांची अनेकांच्या डोक्यात कायमची गाठ पडली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या कॅसेटींत चोरट्या प्रती पुष्कळ होत्या. त्यामुळे चित्रपटधंदा हवालदिल झाला आणि १९८४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कायद्याच्या बाजूने हा इतिहास चोरीचा आहे. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिल्यास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आतापर्यंत चित्रपट प्रेक्षकाला पुढे ओढून नेत असे. आता प्रथमच प्रेक्षकाने चित्रपटाला थांबविले. ‘जरा मागे घे’ हे शब्द घरात उच्चारले गेले, त्या क्षणी पाहणाऱ्याचा दर्जा बदलला. ग्रंथ वाचणाऱ्याला पान उलटून मागे जाण्याचा जो हक्क असतो, तो चित्रपट पाहणाऱ्याला मिळाला. आणि जेथे पुन्हा पाहण्याची सोय आहे तेथेच मत पक्के होते. सचिन पिळगावकर यांचा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ हे याचे उत्तम उदाहरण. १९६६ च्या एका हिंदी चित्रपटावर बेतलेला हा विनोदी चित्रपट. दूरचित्रवाणीवर लोकांनी तो इतक्या वेळा पाहिला आहे की, कित्येक घरांत पात्रे बोलण्यापूर्वी मुले संवाद म्हणतात. गंभीर लोक त्याची गणना करीत नाहीत. मला विचाराल तर भाड्याची खोली मिळविण्यासाठी खोटे नाते सांगावे लागणे, हे दुःख मुंबईच्या भोवती राहणाऱ्या माणसाला पुरते ठाऊक आहे. मुंबईत जागा मिळाली नाही म्हणूनच तर आपल्यातले हजारो लोक बदलापूरला आले! २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले कुळगाव-बदलापूर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले, ते काय हवा पालटण्यासाठी? हसण्याच्या पोटात हे सत्य आहे, म्हणून तो चित्रपट शिळा होत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. घरात आलेल्या चित्रपटाने समुदाय मोडला, असे म्हटले जाते. ते सर्वांशी खरे नाही. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ पाहण्यास लोक चित्रपटगृहात चपला काढून बसत. बारा वर्षांनी, जानेवारी १९८७ मध्ये, दूरचित्रवाणीवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा तीच श्रद्धा घराघरांत संचासमोर हात जोडून बसली आणि रस्ते ओस पडले. समुदाय एका छताखाली नव्हता. पण एकाच घटकेला तो एकच गोष्ट पाहत होता. तो मोडला तो त्यानंतर. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, वाहिन्यांची संख्या वाढली, आणि एका घरातील माणसेही एका वेळी एक गोष्ट पाहीनाशी झाली. २००७ मध्ये तर केवळ मराठी चित्रपटांची स्वतंत्र वाहिनी निघाली. शनिवारची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आणि ज्याची वाट पाहिली नाही त्याच्याविषयी बोलण्याची हौसही कमी होते.

घरच्या मताची किंमत

आता मुख्य प्रश्न. घरी बसून, कांदा चिरता चिरता, दाराची घंटा वाजली की उठून, कधी अर्ध्यातून पाहणाऱ्या माणसाच्या मताला मोल आहे काय? जाणकार म्हणतील, नाही. कारण त्याने चित्रपट पाहिलाच नाही, चित्रपटाचे छोटे छायाचित्र पाहिले. या म्हणण्यात तथ्य आहे. काही चित्रपट घरी लहान होतात. जब्बार पटेल यांचा १९७७ चा ‘जैत रे जैत’ घ्या. गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या कादंबरीतले ते ठाकर आणि तो डोंगर. मलंगगडापासून माथेरानपर्यंतच्या रांगा ज्याला येता-जाता दिसतात, त्या बदलापूरच्या माणसाला ठाऊक आहे की, डोंगर वर मान करून पाहावयाचा असतो. घरच्या संचात तो डोळ्यांच्या खाली येतो, आणि त्या चित्रपटाचा निम्मा अर्थ त्याबरोबर खाली येतो. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’चेही तसेच. गाण्यांवर शेकडो माणसे खुर्च्या सोडून नाचली आणि शेवटच्या दृश्याला तीच माणसे एकाएकी गप्प झाली. ती शांतता हे त्या चित्रपटाला मिळालेले खरे मत होते. घरात गोंगाट नाही, म्हणून ती शांतताही नाही.

परंतु काही चित्रपट घरी मोठे होतात. याच दिग्दर्शकाच्या ‘फँड्री’च्या शेवटी, छळाने पिचलेला मुलगा दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाकडे येतो. २०१४ साली चित्रपटगृहांत तो दगड पाचशे माणसांवर पडला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा पाचशेवा भाग आला. घरात तो एकट्यावर येतो. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बोट दाखविण्याची सोय तेथे नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पाहा. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मराठीला मिळवून देणारा हा चित्रपट. कर्करोगामुळे नातवाचे डोळे काढावे लागणार आहेत आणि आजोबांना ते त्याला सांगावयाचे आहे. चित्रपटगृहातला काळोख माणसाचे अश्रू झाकतो. घरात दिवा असतो. बाप रडतो आहे हे मुलांना दिसते. आणि ज्या घरात ते कधी दिसले नव्हते तेथे चित्रपटापेक्षा तेच दृश्य अधिक लक्षात राहते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ तर २०२१ मध्ये आपल्यापर्यंत घरच्या पडद्यावरच आला. रात्री रिकाम्या रस्त्यावरून दुचाकीने जाताना कानात गुरूच्याही गुरूंच्या ध्वनिमुद्रित वाणीचे बोल ऐकणारा तो शिष्य. समोर मैफल नाही, गुरू नाही, फक्त एक आवाज. तो चित्रपट एकट्याने, रात्री, घरी पाहणारा प्रेक्षक त्या शिष्याच्या शेजारीच बसलेला असतो. त्या चित्रपटाची संथ लय अनेकांना सोसली नाही, हे मी जाणतो. मला ती सोसली, कारण मध्येच थांबून विचार करण्याची मुभा होती.

तात्पर्य, घरच्या मताची किंमत चित्रपटगृहातल्या मतापेक्षा कमी नाही. ती निराळी आहे. चित्रपटगृहातील प्रेक्षक ‘आम्हाला कसे वाटले’ ते सांगतो, घरातील प्रेक्षक ‘मला काय लागले’ ते सांगतो. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्यात. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रपटगृहांची दारे बंद झाली आणि अनेक महिने घर हे एकच चित्रपटगृह उरले, तेव्हा ही गोष्ट सर्वांनाच पटली असावी. दारे पुन्हा उघडली. पण प्रत्येक वेळी बाहेर जाण्याचे कारण शोधण्याची सवय मात्र लागली ती लागलीच.

आग, पाणी आणि वही

आपल्याकडे चित्रपट जपण्याची जाग उशिरा आली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांच्या काळातील बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ही आज पूर्ण उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारात नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या फिती भस्म झाल्या. फिती अग्नीने नेल्या. आपल्या गावात पाण्याने काय काय नेले ते २६ जुलै २००५ ची रात्र ज्यांनी काढली त्यांना ठाऊक आहे. उल्हास नदीचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथील छायाचित्रे, पत्रे आणि कॅसेटी वाळत घालून परत आल्या नाहीत.

तरीही फितीची दुसरी प्रत कोठेतरी असू शकते. प्रेक्षकाच्या मताची दुसरी प्रत नसते. प्रभातचे बोलपट पहिल्या आठवड्यात पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. ती काय म्हणत होती, हे आपण विचारून ठेवले नाही. शेजारच्या घरी जमिनीवर बसून शनिवारचा चित्रपट पाहिलेली मुले आज साठीच्या आसपास आहेत. तो बोळातला न्यायनिवाडा आठवणाऱ्या बायका त्याहून वडील आहेत. १९२७ च्या समितीने त्यांच्या आजीपणजींना विचारले नाही, म्हणून आपणही यांना न विचारण्याचे कारण नाही. उल्हासनगरच्या वसाहतींत फाळणीनंतर येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांच्या तर अधिकच निराळ्या आठवणी असतील. आपल्या भाषेतला ‘अबाणा’ १९५८ साली पडद्यावर आला, तेव्हा गाव सोडून आलेल्या माणसांना काय वाटले, याचे उत्तर तिकिटाच्या आकड्यांत मिळणारे नाही.

माझी सूचना साधी आहे. आपल्या गावातील वाचनालयांनी व मंडळांनी एक वही घालावी. तीत प्रत्येक वृद्ध माणसाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: घरी पाहिलेला पहिला चित्रपट कोणता, तो कोणाच्या घरी पाहिला, आणि त्याविषयी तेव्हा काय वाटले पण बोलता आले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे ठरेल, अशी माझी खात्री आहे. त्यासाठी अनुदान नको, समिती नको; शाळेतील एक मुलगा, एक लेखणी आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरेल.

आणि मत लिहून ठेवण्याइतकेच ते माणसांत मांडणेही अगत्याचे आहे. घराने आपल्याला मत दिले, ही त्याची देणगी. पण घरात मताला विरोध करणारी माणसे चार, आणि तीही आपलीच. जे मत कधी अनोळखी माणसापुढे उभे राहिले नाही, ते हट्ट होऊन बसते. व्याख्यानमालेसारखी ठिकाणे त्यासाठीच असतात. आपल्यापैकी प्रत्येकाने घरी पाहिलेल्या एका चित्रपटाविषयीचे मत येथून निघण्यापूर्वी शेजारच्या खुर्चीवरील अपरिचित गृहस्थांना किंवा बाईंना सांगावे, आणि त्यांचे ऐकून घ्यावे. मतभेद झाला तर उत्तमच. चित्रपटाच्या इतिहासात तेवढी एक साक्ष अधिक जमा झाली असे मी समजेन.